शिकलेलें कुत्रें पुन्हां चुकतें तेव्हां

महाभारताच्या आदिपर्वांत, जनमेजयाच्या कथेच्या आरंभींच, एका कुत्र्याची फिर्याद आलेली आहे. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घ सत्र करीत होता. तेथें देवशुनी सरमा हिचें पिलूं आलें. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन या भावांनीं त्याला मारलें. तें रडत आईकडे गेलें, तेव्हां सरमा प्रथम त्यालाच म्हणाली कीं, तूं कांहीं तरी अपराध केला असशील. पिलानें सांगितलें कीं, हविर्द्रव्य चाटणें दूरच, त्याकडे आपण पाहिलेंसुद्धां नाहीं. मग सरमा यज्ञस्थानीं गेली, अपराधावांचून मारल्याचा जाब तिनें विचारला, आणि कोणी उत्तर देईना तेव्हां तिनें शाप दिला.

या कथेंत शापापेक्षां सरमेचा पहिला उद्गार अधिक विचार करण्याजोगा आहे. खुद्द आईलाहि प्रथम वाटलें तें हेंच कीं, ज्या अर्थीं मार बसला त्या अर्थीं अपराध असलाच पाहिजे. कुत्र्याच्या बाबतींत हा तर्क आजहि सुशिक्षित घरांतून चालतो. चार-पांच वर्षांचें, लहान चणीचें, घराचें वळण लागलेलें कुत्रें एके दिवशीं गालिचावर लघवी करतें. घरांतील बाई ती ओल पाहतात. कुत्रें कान पाडून, शेपूट पोटाशीं घेऊन कोपऱ्यांत सरकतें. आणि सर्वांचें एकमत होतें कीं, ‘पाहा, त्याला सारें समजतें. मुद्दाम केलें आहे त्यानें.’

या अपराधी चेहऱ्याची कसोटी 2009 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लागली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजांतील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनीं 14 पाळीव कुत्रीं या प्रयोगासाठीं घेतलीं. धन्यानें कुत्र्यापुढें खाऊ ठेवावा, ‘खाऊं नको’ असें बजावावें आणि खोलीबाहेर जावें. त्याच्यामागें खाऊ कधीं कुत्र्याला मिळे, कधीं मिळत नसे. आणि परत आलेल्या धन्याला सांगितलें जाई तें कधीं खरें असे, कधीं खोटें. निष्कर्ष असा निघाला कीं, कुत्र्याच्या मुद्रेचा संबंध त्यानें काय केलें याच्याशीं नसून धनी रागावला कीं नाहीं याच्याशीं होता. इतकेंच नव्हे, तर ज्यानें कांहींच खाल्लें नव्हतें आणि तरीहि ज्याला बोल बसले, त्या कुत्र्याच्या तोंडावर ही ‘अपराधी’ छटा अधिक गडद दिसली. म्हणजे ज्याला कबुलीजबाब समजतात, ती वस्तुतः क्रुद्ध माणसापुढें केलेली विनवणी असते.

हें ध्यानांत आलें म्हणजे मागाहून केलेल्या शिक्षेचें फळ काय होतें तेंहि उघड होतें. अर्ध्या घटकेपूर्वीं केलेली लघवी आणि आतां बसलेली चापट यांची सांगड कुत्र्याला घालतां येत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं, जमीन ओली असतांना धनी आला कीं संकट येतें. आणि चापट अगदीं त्या क्षणींच बसली, तर त्याला कळतें कीं, माणसाच्या देखत देहधर्म करणें धोक्याचें आहे. मग तें पलंगाखालीं, पडद्यामागें, अडगळीच्या खोलींत जाऊं लागतें. आणि साखळी धरून बाहेर नेलें असतां धनी शेजारीं उभा म्हणून तासभर आवरून धरतें, व घरांत पाऊल पडतांच मोकळें होतें. लोक याला हट्ट म्हणतात. तो हट्ट नव्हे. शिकवलेला धडा त्यानें चोख पाठ केलेला असतो. ओलींत नाक घासण्याची जी जुनी रीत आहे, तिचें फळहि याहून निराळें नाहीं.

मग शिकलेलें कुत्रें चुकतें कां? त्याचें उत्तर पुष्कळदां तें मुळांत काय शिकलें होतें यांत सांपडतें. माणूस समजतो कीं, त्यानें ‘घरांत करावयाचें नाहीं’ हा नियम शिकवला. कुत्रें नियम शिकत नाहीं. तें जागा शिकतें, वेळ शिकतें, पायांखालचा स्पर्श शिकतें, आणि कोणाबरोबर जावयाचें तें शिकतें. या चार खुणांपैकीं दोन-तीन एकदम नाहींशा झाल्या कीं सारा धडाच कोसळतो.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत आसगांव आहे. हा धानाचा मुलूख. असल्या गांवांतून नोकरीनिमित्त नागपुरास गेलेलीं कुटुंबें दिवाळीला घरीं येतात. आणि झाडीपट्टींत दिवाळीमागून गांवोगांव मंडई भरत असल्यामुळें मुक्काम सहज लांबतो. रात्र-रात्र नाटकें चालतात, पाहुण्यांनीं घर भरून जातें. समजा, अशा एखाद्या कुटुंबानें आपलें पांच किलो वजनाचें पांढरें स्पिट्झ, ज्याला लोक सरसकट पॉमेरेनियन म्हणतात, तें बरोबर आणलें आहे. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरील घरांत तें वर्षानुवर्षें चुकलेलें नाहीं. आसगांवीं पहिल्याच सकाळीं तें छपरींत लघवी करतें, दुसऱ्या दिवशीं धानाच्या पोत्यांपाशीं, आणि तिसऱ्या दिवशीं पाहुण्यांसाठीं घातलेल्या गादीवर. आजी कपाळाला हात लावून म्हणतात, ‘एवढं मोठं आंगण पडलं आहे न बापू, अन् हे घरातच घाण करते!’

आजींचें म्हणणें माणसाच्या दृष्टीनें बिनतोड आहे. कुत्र्याच्या दृष्टीनें मात्र तें अंगण म्हणजे ‘बाहेर’ नव्हेच. त्याच्या लेखीं बाहेर म्हणजे पहांटे साखळीचा आवाज, तीन जिने, फाटक आणि त्यापलीकडची विशिष्ट गवताची पट्टी. येथें जिना नाहीं, फाटक दिवसभर उघडें, शेरडें आणि कोंबड्या छपरींतून ये-जा करतात, आणि ओसरी कोठें संपते व अंगण कोठें सुरू होतें हें कोणीच त्याला दाखविलेलें नाहीं. त्यांत अंगणांत शेणाचा सडा, आंत जुन्या खोलीची जमीन शेणानें सारवलेली, शेजारीं बैलांचा कोठा. माणसाला जो वास शुचितेचा वाटतो, तोच कुत्र्याच्या तीक्ष्ण नाकाला सांगतो कीं, येथें जनावरें देहधर्म करीत आलीं आहेत. याहून स्पष्ट आमंत्रण तें कोणतें?

आणखी एक कारण आहे, तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. लघवीला बसलेलें कुत्रें त्या क्षणापुरतें असहाय असतें. अंगणाच्या कडेला गांवचीं तीन-चार कुत्रीं उभीं राहून रोखून पाहत असतील, तर पांच किलोचा पाहुणा त्यांच्या देखत बसण्याचें धाडस करीत नाहीं. तो आवरून धरतो. आणि भिंतीचा व माणसांचा आसरा मिळतांच, म्हणजे घरांत येतांच, त्याचा धीर सुटतो. वर दिवाळीचे फटाके असतातच. एकदां अंगणांत नेलेलें असतांना जवळच सुतळी बाँब फुटला, कीं पुढें कित्येक दिवस त्याच्या मनांत अंगण आणि स्फोट यांची जोडी कायम राहते.

अशा प्रसंगीं उपाय एकच: धडा पहिल्यापासून, जणूं तें पिलूंच आहे असें समजून, पुन्हां द्यावा. सांदवाडींत, गांवच्या कुत्र्यांच्या नजरेआड, एक कोपरा मुक्रर करावा. ज्या फडक्यानें पहिली ओल पुसली तें फडकें तेथें टाकावें, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच वासाची खूण जागेला लागते. उठल्याबरोबर, खाणें झाल्यावर पाव ते अर्ध्या तासानें, खेळ किंवा पाहुण्यांची गडबड संपल्यावर, आणि निजण्यापूर्वीं त्याला साखळीनें त्याच कोपऱ्यांत न्यावें. आणि नेणारा शक्य तोंवर नागपूरला नेणाराच असावा. मुलांवर हें काम सोंपवूं नये. मुलें त्याच्याशीं खेळूं लागतात व तें मूळ काम विसरतें. तेथें उभें राहून बोलूं नये, ओढूं नये, त्याच्याकडे टक लावूं नये. काम उरकतांच, पण त्याच क्षणीं, शाबासकी द्यावी आणि खिशांतील खाऊ द्यावा. घरांत परत आल्यावर दिलेला खाऊ घरांत येण्याचें बक्षीस ठरतो. थॉर्नडाइक यांनीं 1898 सालीं मांजरांना पेटींत कोंडून जे प्रयोग केले, त्यांतून पुढें निघालेलें तत्त्व हेंच आहे: ज्या क्रियेच्या पाठोपाठ समाधान मिळतें, ती क्रिया पक्की होते. सारें मर्म ‘पाठोपाठ’ या शब्दांत आहे.

दुसरी एक चूक शहरांत नेहमीं होते. कामावर जाण्याची घाई असल्यामुळें कुत्र्यानें लघवी केली रे केली कीं त्याला ओढून घरीं आणतात. कुत्र्याला बाहेर राहणें प्रिय असतें. लघवी संपली कीं फिरणें संपतें, असा हिशेब त्याच्या मनांत बसतो आणि तें लघवी लांबवूं लागतें. म्हणून आधीं देहधर्म व मग पांच मिनिटें मनसोक्त हुंगणें, हा क्रम ठेवावा.

पावसाळ्यांत या लहान कुत्र्यांची अडचण वेगळी असते. त्यांचें पोट जमिनीपासून वीतभरच उंच. भिजलेलें गवत मोठ्या कुत्र्याच्या पायांना लागतें, यांच्या पोटाला लागतें. तेव्हां वळचणीखालीं, पत्र्याच्या आडोशाला एखादी कोरडी जागा करून द्यावी; पावसांत उभें राहून धनी भिजतो व चिडतो, त्याचा फायदा कोणालाच होत नाहीं.

हें सर्व जागा बदलल्याचें झालें. परंतु जागा बदललेली नाहीं, माणसें तींच आहेत, दिनक्रमहि तोच आहे, आणि तरीहि वळण लागलेलें कुत्रें एकाएकीं चुकूं लागलें, तर शिकवणीचा विचार बाजूला ठेवून प्रथम पशुवैद्याकडे जावें. मूत्रमार्गाचा दाह, मूत्राशयांतील खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, या सर्वांची पहिली खूण पुष्कळदां घरांतील ओल हीच असते. खडे लहान जातींच्या कुत्र्यांत विशेष आढळतात. खाजेसाठीं दिलेल्या स्टेरॉइड जातीच्या औषधांनींहि तहान व लघवी दोन्ही वाढतात. औषध चालू झाल्याची तारीख व चुकांची तारीख जुळते कीं काय हें पाहावें. कुत्र्यानें 24 तासांत दर किलो वजनामागें 100 मिलिलिटरहून अधिक पाणी पिणें हें आजाराचें लक्षण धरतात. म्हणजे पांच किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर ही मर्यादा झाली. विदर्भाच्या वैशाखांत पाणी थोडें अधिक जाणारच. परंतु थंडीच्या दिवसांतहि भांडें पुनःपुन्हां रिकामें होऊं लागलें, तर थांबूं नये. आणि चुका टाळण्यासाठीं पाणीच बंद करणें, हा जो घरगुती उपाय कांहीं लोक करतात, तो क्रौर्याचा तर आहेच, पण मूत्रपिंडाच्या दुखण्यांत प्राणघातक ठरूं शकतो.

धानाच्या प्रदेशांत पावसाळ्यापुरती आणखी एक दक्षता घ्यावी लागते. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर, गुरें व कुत्रीं यांच्या मूत्रांतून पाण्यांत व चिखलांत पसरतो, आणि बांधींतील सांचलेलें पाणी त्याला फार मानवतें. तो कुत्र्याला होतो तसा माणसालाहि होतो. म्हणून ओल पुसतांना हातमोजे घालावे, हाताला जखम असल्यास तें काम दुसऱ्यानें करावें, आणि कुत्र्याला या रोगाची लस दिली आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. भंडाऱ्याकडील लोकांना अवघड दुखण्यासाठीं 1958 सालीं स्थापन झालेलें नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईस परळचें महाविद्यालय तर 1886 पासूनचें आहे.

पशुवैद्याकडे जातांना नुसतें ‘घरांत घाण करतें’ एवढें सांगून भागत नाहीं. ओल वाचावयास शिकलें पाहिजे. किती, कोठें आणि केव्हां, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुष्कळ निदान होतें. मोठें थारोळें, तेंहि दरवाज्याजवळ, याचा अर्थ बहुधा इतकाच कीं, त्यानें वाट पाहिली आणि कोणी दार उघडलें नाहीं. तेथें दोष कुत्र्याचा नाहीं. खुर्चीच्या पायावर, पडद्याच्या टोंकाला, पाहुण्याच्या पिशवीवर उडालेले चार थेंब ही लघवी नव्हे, ती सही आहे. घरांत नवें मूल, नवा पाहुणा किंवा नवें जनावर आलें कीं नर कुत्रीं अशा सह्या करतात, आणि खच्चीकरणानें त्यांपैकीं पुष्कळांची ही संवय कमी होते. धनी घरीं येतांच किंवा कोणी वरून वांकून हात पुढें करतांच जें कुत्रें अंग चोरून थेंब गाळतें, तें भित्रें किंवा अति आनंदी असतें. त्याला रागावल्यास तें आणखी गाळतें. त्याच्याकडे दोन-चार मिनिटें मुळींच लक्ष न देणें व मग खालीं बसून बाजूनें हात लावणें हाच उपाय. झोपेंतून उठल्यावर अंथरूण ओलें सांपडावें आणि कुत्रीचें गर्भाशय काढलेलें असावें, तर तो स्नायूंचा सैलपणा असून त्यावर औषध मिळतें. त्या बिचारीला तर कळलेंहि नसतें. वारंवार थोडी-थोडी लघवी, कुंथणें, लघवींत रक्त हें सर्व त्याच दिवशीं दाखविण्यासारखें आहे. आणि नर कुत्रें कुंथतें पण थेंबहि येत नाहीं, तर एक रात्रहि दवडूं नये.

साफसफाईविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण अर्धी शिकवण तेथें वायां जाते. फिनेल ओतलें म्हणजे माणसाच्या नाकाला वास गेलासा वाटतो. कुत्र्याला फिनेलच्या आड आपला वास तसाच येत राहतो, आणि पंजे चाटतांना फिनेल पोटांत जाऊन अपाय होतो तो वेगळाच. अमोनिया असलेलीं द्रावणें तर मुळींच वापरूं नयेत, कारण लघवींतील युरिया कुजून अमोनियाच होतो. प्रथम कोरड्या फडक्यानें दाबून ओल टिपावी, घासूं नये. मग एंझाइम असलेलें, कपडे धुण्याचें किंवा खास याच कामासाठीं मिळणारें द्रावण लावून तें कांहीं वेळ मुरूं द्यावें, आणि शेवटीं साध्या पाण्यानें पुसावें. सारवलेल्या जमिनीवर हें चालत नाहीं. तेथें भिजलेला थर खरवडून काढून त्या जागीं पुन्हां सारवावें, आणि तें वाळेपर्यंत कुत्र्याला त्या खोलींत सोडूं नये.

लहान कुत्र्यांतच ही तक्रार अधिक कां आढळते, याचें एक कारण मूत्राशय लहान हें आहे. पण दुसरें कारण माणसांत आहे. अल्सेशियननें दिवाणखान्यांत केलेली लघवी कोणी सहन करीत नाहीं, म्हणून त्याची शिकवण पुरी होते. पांच किलोच्या कुत्र्याचा चमचाभर ओलावा फडक्यानें पुसून हंसण्यावारी नेतात. त्याला कडेवर घेऊन जिना उतरतात, त्यामुळें दाराशीं जाऊन उभें राहावें, हें त्याला कधीं शिकावेंच लागत नाहीं. पांच वर्षें जी शिकवण अर्धवट राहिली ती नवीन गालिचा आला त्या दिवशीं उघडकीस येते, आणि कुत्रें ‘बिघडलें’ असें म्हणतात.

हा केवळ गालिचाचा प्रश्न असता तर एवढा ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. परंतु आसगांवच्या त्या कल्पिलेल्या घरीं तिसऱ्या दिवशींच्या गादीनंतर कोणी तरी वडीलधारें माणूस सहजपणें म्हणतें, ‘राहू द्या न त्याले इथंच. गावात कुत्र्याले का कमी आहे?’ आणि परतीच्या दिवशीं, सामान गाडींत चढल्यावर, ही सूचना मोठी सोयीची वाटते. गांवांत जन्मलेलें कुत्रें गांवांत जगतें, कारण त्याला कोणत्या दाराशीं भाकर मिळते आणि कोणत्या गल्लींत जावयाचें नाहीं हें पिलूंपणापासून ठाऊक असतें. तिसऱ्या मजल्यावर वाटींतून जेवलेलें कुत्रें तेथें चार दिवसहि धड काढीत नाहीं. गांवचीं कुत्रीं त्याला फाडतात, किंवा रस्त्यावरील मोटार त्याचा निकाल लावते. पाळलेलें जनावर योग्य कारणावांचून, उपासमारीनें त्याचे हाल होतील अशा स्थितींत सोडून देणें, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. मात्र घरांतल्या घरांत घेतलेला हा निर्णय कायद्यापर्यंत क्वचितच पोंचतो. ज्या चुकीसाठीं ही शिक्षा होते ती दोन आठवड्यांच्या नेमानें बहुधा सुटणारी असते.

त्या दोन आठवड्यांत कुत्र्याला साऱ्या घराची मोकळीक देऊं नये. कोणाचें लक्ष असेल तोंवर बाहेरच्या खोलींत, नसेल तेव्हां त्याच्या निजण्याच्या जागेपाशीं आडोसा करून ठेवावें. निजण्याची जागा कुत्रीं सहसा घाण करीत नाहींत. आडोसा म्हणजे कोंडवाडा नव्हे. दिवसा तीन-चार तासांहून अधिक त्याला तेथें ठेवणें म्हणजे चूक करण्यास भाग पाडणें. चालू चूक दिसली तर ओरडूं नये. टाळी वाजवून हळूच थांबवावें, उचलून ठरल्या जागीं न्यावें आणि उरलेलें तेथें झालें तर शाबासकी द्यावी. भिंतीवर एक कागद लावून खाणें, पाणी, बाहेर नेणें आणि चुका यांच्या वेळा टिपाव्या. तीन-चार दिवसांतच दिसूं लागतें कीं, बहुतेक चुका एका विशिष्ट तासाच्या आहेत, आणि त्या तासाच्या दहा मिनिटें आधीं दार उघडलें कीं पुष्कळसें काम होतें. नागपुरास परतल्यावरहि दोन-तीन दिवस हाच क्रम ठेवावा, कारण आतां सांदवाडीची संवय सुटून पुन्हां जिन्याची लागावयाची असते.

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या कुत्र्याकडून मात्र पूर्वींच्या नेमाची अपेक्षा करूं नये. म्हातारपणीं मूत्राशयावरचा ताबा सुटतो, सांध्यांच्या दुखण्यामुळें जिना नकोसा होतो, आणि कांहीं कुत्र्यांना तर ओळखीच्या घरांतहि दार कोणत्या बाजूला आहे याचा विसर पडतो. अशा कुत्र्याचें अंथरूण दाराजवळ आणावें, त्याशेजारीं धुतां येईल असें जाड कापड पसरावें, मध्यरात्रीं एकदां उठून त्याला बाहेर न्यावें, आणि अंथरुणापासून दारापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा ठेवावा.